काळप्रवासी आणि कोळी

आमच्या शेवगावला समुद्र नाही. तरीही उर्दू शाळेतल्या मुलांना घेऊन आम्ही समुद्रावरची विज्ञान-श्रुतिका बसवली. टबातले पाणी ढवळून लाटांचा आवाज काढला. कथा अशी : काही काळप्रवासी 17 जुलै 1947 च्या सकाळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावर उतरतात. रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ बुडणार, सहाशेहून अधिक माणसे जाणार, हे त्यांना ठाऊक आहे. सांगावे की नाही? इतिहास बदलला तर कदाचित सांगणाराच जन्माला येणार नाही.

तकदीर मोठी की तदबीर, यावर आम्ही बोलत राहिलो. तेवढ्यात एका मुलीने विचारले, "सर, पण त्यांचं ऐकणार कोण?"

आम्ही निरुत्तर झालो. मग आठवले ते रेवसचे कोळी. त्यांना भविष्य ठाऊक नव्हते. समोर माणसे बुडताना दिसली, तेव्हा त्यांनी होड्यांतली मासळी पाण्यात टाकली आणि माणसे वर घेतली. दिवसाची कमाई गेली. जात-धर्म कुणी विचारला नाही.

'काश' म्हणत आपण मागे जाऊ पाहतो. परंतु नेकीला भविष्याचे ज्ञान लागत नाही; हातातली मासळी सोडावी लागते.

मुलांनी शेवट बदलला. आता काळप्रवासी कोळ्यांच्या होडीत बसतात.