एका पायाचा प्रश्न

माझी उंची पाच फूट तीन इंच. ही गोष्ट मी बँकेत कधी लपवली नाही; काउंटरच लपवतो. पण पंचेचाळिसाव्या वर्षी मला एक्सपल्स २०० घ्यायची बुद्धी झाली आणि झाकली मूठ उघडली. २०१९ साली बाजारात आलेली ही गाडी डोंगरवाटांसाठी केलेली. सीटची उंची ८२३ मिलिमीटर, पोटाखाली २२० मिलिमीटर मोकळी जागा. आमच्या पूनम सागरमध्ये डोंगर नाहीत. पण पावसाळ्यातले खड्डे पाहिलेल्या माणसाला दरीची उणीव भासत नाही.

"अहो, गाडी आणलीत की घोडा?" सौ. म्हणाली. घोड्यांच्या व्यापारावरून नाव पडलेले घोडबंदर आमच्यापासून फार लांब नाही, तेव्हा मी गप्प बसलो.

पहिल्याच रविवारी सिग्नलला थांबलो. डावा पाय खाली सोडला. जमीन अपेक्षेपेक्षा खाली निघाली. दीडशे किलोंची गाडी आणि मी, दोघेही सावकाश आडवे झालो. भाजीवाल्याने आधी गाडी उचलली, मग मला. 'पाय जमिनीवर असावेत' हे वाक्य मी निरोपसमारंभात अनेकदा टाळ्या घेऊन म्हटले आहे. त्यात मापाचाही प्रश्न असतो हे तेव्हा कळले.

गॅरेजवाल्याने दोन उपाय सांगितले. एक, सीटचा फोम इंचभर तासायचा. दोन, मागच्या शॉकअपची लिंक बदलून गाडीच खाली बसवायची. "साहेब, एकदम स्कूटरसारखी होईल!"

मी हो म्हणणार, तोच माझ्यातला बी.कॉम. जागा झाला. एका खात्यात जमा केले की दुसऱ्या खात्यात नावे पडतेच. फोम तासला तर नावे पडते माझ्या बैठकीच्या खात्यात. कंबर कुरकुरेल, एवढेच. गाडी खाली बसवली तर पोटाखालची जागा जाते. म्हणजे जिच्यासाठी गाडी घेतली तेच खाते रिकामे.

अंथरूण पाहून पाय पसरावेत हे ठीक. पण पाय पाहून अंथरूण कापावे का? ठेंगणेपणात कमीपणा नाही. मराठ्यांची भीमथडी तट्टे ठेंगणीच होती आणि सह्याद्री तुडवीत होती. पण ती जन्मतः ठेंगणी. कोणी तासून केलेली नव्हेत.

मी बँकेत प्रमोशन दोनदा नाकारले. पहिल्यांदा आई अंथरुणाला खिळलेली होती. तो फोम होता. कंबर दुखली, तक्रार नाही. दुसऱ्यांदा आई नव्हती. तेव्हा 'मुलांची शाळा' म्हणून सांगितले. मुले कॉलेजात होती. खरे म्हणजे परगावची खुर्ची उंच वाटली. त्या वेळी मी गाडीच खाली बसवली, आणि चारचौघांत त्याला समाधान म्हणत राहिलो.

शेवटी मी फक्त फोम तासून घेतला. बाकीचे भाजीवाल्याने शिकवले: थांबताना थोडे डावीकडे सरकायचे, डावा पाय टेकायचा, उजवा ब्रेकवर. थांबायला एकच पाय पुरतो हो! दोन्ही टेकल्याशिवाय निघायचेच नाही, म्हणून मी इतकी वर्षे घरी थांबलो होतो.

या महिन्यात प्रमोशनचे सर्क्युलर पुन्हा आले आहे. अर्ज भरून टेबलावर ठेवला आहे.

"आणि बदली झाली तर?" सौ.ने विचारले.

"घोडा आहे की," मी म्हणालो.

"घोडा आहे हो," ती म्हणाली, "चढायला स्टूल बरोबर न्या."