न झिजणारे रबर



एक प्रश्न तुमच्यापुढे ठेवतो. जी वस्तू दुसऱ्याचा धक्का सोसून झिजते, ती झिजली म्हणून तिच्या जागी न झिजणारी वस्तू बसवावी काय? कोणीही म्हणेल, यात विचारायचे काय? टिकाऊ ते चांगले. मृदंग वाजवणाऱ्याला मात्र विचारा. धुमेला कणीक लावतात, ती वाळते, खरवडून काढावी लागते, पुन्हा ओली लावावी लागते. कणीक टिकत नाही म्हणून आजवर कोणी धुमेला सिमेंट लावलेले नाही.

हा प्रश्न मला दौंड तालुक्यात, केडगाव चौफुल्याजवळच्या एका गॅरेजात भेटला. त्याचे मूळ जरा सविस्तर सांगितले पाहिजे, कारण गाडीत आपण सगळेच बसतो, पण खाली काय चालले आहे ते बघत नाही.

मोटारीचे इंजिन गाडीच्या सांगाड्यावर थेट ठेवलेले नसते. मधे रबराचे जाड ठोकळे असतात, लोखंडी पट्ट्यांना पक्के चिकटवलेले. मिस्त्री लोक त्यांना माउंटिंग म्हणतात, कोणी फाउंडेशन म्हणतात. आमच्या दिंडीच्या जीपला असे तीन आहेत, दोन इंजिनाला आणि एक गिअरबॉक्सला. त्यांचे काम दुहेरी आहे. इंजिन जागेवर धरायचे, आणि त्याची थरथर शक्य तेवढी आपल्यापाशीच जिरवायची. ही थरथर किती, त्याचा हिशेब करा. चार सिलिंडरचे इंजिन नुसते उभ्याने चालू असताना मिनिटाला सुमारे ८४० फेरे घेते. प्रत्येक फेऱ्याला दोन स्फोट. म्हणजे मिनिटाला १,६८० आणि तासाला एक लाखाच्या वर धक्के. आपल्या माळेला १०८ मणी, आणि तेवढ्यानेही बोटे कधी कधी कंटाळतात! रबर कंटाळत नाही, पण झिजते. इंजिनाची उष्णता लागते, तेल ठिबकते, वर्षे जातात. मग ते चिरते, बसते. गाडी सुरू करताना हिसका बसतो, गिअर टाकताना खालून ठक् असा आवाज येतो, गिअरचा दांडा हातात नाचतो.

पूर्वी हे रबर नव्हते. जुन्या मोटारींत इंजिन सांगाड्याला बोल्टने आवळलेले असे आणि त्याचे हादरे बसणाऱ्याच्या हाडांत जात. १९३१ साली अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने आपल्या प्लिमथ गाडीत इंजिन रबरावर अशा बेताने तोलून बसवले की ते आतल्या आत हलावे आणि बाहेर कळू नये. त्या रचनेला त्यांनी ‘तरंगती शक्ती’ अशा अर्थाचे नाव दिले. पुढे फ्रान्सच्या सिट्रोएन कंपनीने ती युक्ती घेतली, आणि हळूहळू सगळ्यांनीच रबर स्वीकारले. म्हणजे मऊपणा ही मागाहून सुचलेली सुधारणा आहे. आधी माणसाने कठीणच करून पाहिले होते.

आता पॉलीयुरेथेन. हा पदार्थ जर्मनीत ओटो बायर या शास्त्रज्ञाने १९३७ साली शोधला. गादीतला फोमही त्याचाच आणि कठीण चाकेही त्याचीच. जसा करावा तसा होतो. मिस्त्री त्याला पीयू म्हणतात. त्याची माउंटिंग मूळ रबरापेक्षा बरीच कडक असतात. कडकपणा मोजायला शोअर नावाचे माप आहे. त्यावर मूळ रबर साधारण पन्नास-साठच्या घरात येते, तर पीयू सत्तरपासून पंच्याण्णवपर्यंत मिळते.

दिंडीची जीप तुम्हांला ठाऊकच आहे. सामान, औषधे, पाण्याचे कॅन, आणि ज्यांचे पाय वाटेत थकले अशा म्हाताऱ्या माउल्या. तुकोबारायांची पालखी यवत, वरवंड करत पाटसच्या पुढे रोटीचा घाट चढते, तेव्हा मागे गाड्यांची रांग मुंगीसारखी सरकते. गेल्या खेपेला जीपचे तिन्ही रबर गेलेले निघाले. मिस्त्री चांगला माणूस, कामात चोख. तो म्हणाला, “महाराज, रबर टाकलं तर पुन्हा काही वर्षांनी जाणार. पीयू टाकू. एकदा बसवलं की परत बघायला नको.”

पूर्वपक्ष न्यायाने मांडला पाहिजे. मिस्त्री खोटे बोलत नव्हता. पीयू जास्त टिकते, तेलाने लवकर सडत नाही, इंजिन घट्ट धरते. चढावर जोर दिला की इंजिन लोळत नाही, गिअर नेमका पडतो. शर्यतीच्या गाड्यांत तेच घालतात, काही ठिकाणी तर सरळ धातूच घालतात, आणि तिथे ते योग्यच आहे. शर्यतीच्या गाडीत एकटा चालक बसतो. हाडे त्याची, हौस त्याची.

मी एवढेच विचारले, “मग ती थरथर जाते कुठे?”

मिस्त्री हसला. म्हणाला, “बॉडीत जाते महाराज. सीटमधे येते. आरसा थरथरतो. गाडी पळायला लागली की कमी कळतं, उभी असली की जास्त.”

माउली, वारीत गाडी पळते कुठे? ती बहुतेक वेळ उभ्यानेच घुमत असते. त्या तासाच्या लाख धक्क्यांतले जे रबर गिळत होते, त्यातले पुष्कळसे आता मागे बसलेल्या सत्तरीतल्या बाईच्या कंबरेने गिळायचे. पीयू झिजत नाही याचे अर्धे कारण त्याची घडण, आणि अर्धे कारण हे की त्याने आपल्या वाट्याचे काम पुढच्याकडे ढकलले. हा हिशेब गॅरेजच्या बिलात दिसत नाही.

इथून मी माझ्या विषयाकडे वळतो. परमार्थात अशी माणसे पुष्कळ भेटतात. चार वर्षे माळ घातली, दोन ग्रंथ ऐकले, आणि मग सांगतात, “आता मला कशाचंच काही वाटत नाही.” घरात कोणी रडले तरी वाटत नाही, शेजारी मेला तरी वाटत नाही. याला ते वैराग्य म्हणतात. मला विचाराल तर हे पीयू आहे. आपल्याला काही लागत नाही हे खरे, पण जे लागायचे ते कोणाला तरी लागतेच आहे. बायकोला लागते, लेकराला लागते. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगितली, तिथे अहिंसेच्या पाठोपाठ क्षांती येते. माउलींनी त्या अहिंसेचा विस्तार केला आहे तो वाचा. ज्ञानी माणूस पाऊल टाकतानाही जिवाला धक्का लागू नये म्हणून किती जपतो, ते त्यात आहे. ज्याला काही लागतच नाही, त्याला दुसऱ्याला काय लागेल हे कसे कळणार? क्षांती म्हणजे धक्का येतो, कळतो, आणि पुढे जात नाही. वैराग्यात आसक्ती सुटते. कठोरपणात फक्त जाणीव सुटते, आसक्ती बहुधा तशीच राहते. त्या वैराग्यवंताच्या ताटात मीठ कमी पडू द्या, मग बघा.

इथपर्यंत निरूपण सोपे आहे. रबर चांगले, पीयू वाईट, मऊ राहा, सोसत राहा, पुंडलीक वरदा हरी विठ्ठल. कीर्तन इथे संपवता येते. पण मला ते तिथे संपवणे पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगतो.

शिरूर तालुक्यात घोडनदीकाठच्या एका गावात माझे येणे-जाणे आहे. तिथल्या एका घरात सासू अर्धांगाने नऊ वर्षे अंथरुणावर आहे. मुलगे तीन. दोघे बाहेर, एक रांजणगावला कारखान्यात, एक पुण्यात. थोरला घरी शेती बघतो, आणि म्हातारीचे सगळे थोरल्या सुनेकडे. पहिली पाच-सहा वर्षे गावाने तिचे फार कौतुक केले. सप्ताहात तिचे उदाहरण दिले जाई. पुढे ती बदलली. पाणी वेळेवर, औषध वेळेवर, अंथरूण स्वच्छ, पण बोलणे तोडके. म्हातारी मला म्हणाली, “समदं करती महाराज, पण हात लागतो त्यो लोखंडावानी.” गाव म्हणू लागले, सून कडक झाली.

त्या बाईशी बोललो. ती ओट्यावर ज्वारी निवडत होती, वर न बघता म्हणाली, “मऊ राहिले असते ना महाराज, तर मीच उरले नसते.”

आता सांगा, हिला कोणत्या तोंडाने सहनशीलता सांगायची? ती कठीण झाली हे खरे, तिची थरथर म्हाताऱ्या सासूच्या अंगात जाते हेही खरे. पण नऊ वर्षांत एकदाही तिच्या जागी दुसरे कोणी आले नाही. रबर चिरले आहे हे सगळ्यांनी पाहिले आणि रबरालाच दोष दिला.

नाथ महाराजांची एक कथा परंपरेने सांगतात. नाथ गोदावरीत स्नान करून येत आणि वाटेवर बसलेला एक जण त्यांच्या अंगावर थुंके. नाथ रागावत नसत, परत जाऊन स्नान करत. असे एकाच दिवशी १०८ वेळा झाले म्हणतात. आपण या कथेतली नाथांची शांती सांगतो, आणि ती सांगण्यासारखीच आहे. पण कथेत गोदावरीही आहे, तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. प्रत्येक थुंकीनंतर नाथांना परत जायला नदी होती. ते १०८ वेळा सोसले, आणि १०८ वेळा धुऊन निघाले. रबराचा गुणही हाच आहे. ते दबते हा त्याचा मोठेपणा नव्हे, दबून पुन्हा मूळ आकाराला येते हा आहे. चिखलही दबतो. त्या बाईला थुंकी रोज होती. गोदावरी कुठे होती?

कोणी म्हणेल, नामस्मरण हीच गोदावरी. खरे आहे, मी ते नाकारीत नाही. पण रात्री तीनदा उठून म्हातारीची कूस बदलणाऱ्या बाईला “नाम घे” असे सांगून आपण अंथरुणात शिरायचे, यात नामाचा आधार आपल्या आळसाला होतो. सहनशीलतेचे निरूपण करायचे तर त्या घरात पुण्याहून आलेल्या मुलापुढे करावे.

आपल्या शेतकऱ्यांना हे कोणी शिकवावे लागले नाही. पोळा असो की बेंदूर, आदल्या दिवशी खांदेमळणी असते. बैलाच्या ज्या खांद्यावर वर्षभर जू होते, तोच खांदा हळद-तुपाने चोळतात, आणि सणाच्या दिवशी त्यावर जू ठेवत नाहीत. शिंगांना रंग, पाठीला झूल, हे सगळे नंतर. आधी खांदा. घट्टे पडलेला खांदा पाहून “बैल निबर झाला” म्हणणारा शेतकरी मी पाहिला नाही. तो तूप आणतो.

दृष्टांत एकदेशी असतो हे मला ठाऊक आहे. रबराला मन नाही, बाईला आहे. रबर बदलून फेकून देता येते, माणूस नाही. माणसाला विसावा दिला तर तो पुन्हा आकाराला येतो. तेवढा फरक ध्यानात ठेवूनच मी हे बोलतो आहे.

आणि कठीणपणा सगळाच वाईट, असेही माझे म्हणणे नाही. तुकोबारायांचा मेण आणि वज्र यांचा अभंग तुम्हांला पाठ आहे, तो इथे म्हणत नाही. मिस्त्रीने मला एक तिसरा प्रकारही सांगितला. काही नव्या मोटारींत माउंटिंगच्या पोटात द्रव भरलेला असतो. बारीक थरथरीला ते मऊ राहते, आणि मोठा हिसका आला की आतला द्रव अरुंद वाटेने जाताना अडतो व तेच माउंटिंग घट्ट होते. ऐकताना मला तो अभंगच आठवला. कोणत्या धक्क्याला वाकायचे आणि कोणत्याला अडायचे हे त्याला बाहेरून सांगावे लागत नाही. पण ते महाग असते, आमच्या जीपला बसत नाही, आणि तसा माणूस तर त्याहून दुर्मिळ.

जीपला शेवटी मूळचेच रबर घातले, तिन्ही एकदम. एकच बदलले असते तर उरलेल्या दोन चिरक्यांचा भार नव्यावर आला असता. काही वर्षांनी पुन्हा खर्च आहे, तो दिंडीच्या वहीत आत्ताच लिहून ठेवला. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून पालखी निघते, त्याच्या महिनाभर आधी बॉनेट उघडून पाहायचे असेही ठरले. तुमच्या दिंडीचे वाहन असेल तर तुम्हीही पाहून घ्या.

घोडनदीकाठच्या घरात मात्र असे एकदम काही बदलले नाही. मधल्या मुलाने आईला महिनाभर रांजणगावला नेले आणि अकराव्या दिवशी परत आणून सोडले; खोली लहान, पाळी रात्रीची, त्याचेही खोटे नव्हते. पण त्या अकरा दिवसांत त्याच्या बायकोला काय ते कळले. आता ती महिन्यातून दोनदा शनिवारी गावी येते आणि रविवारी संध्याकाळपर्यंत म्हातारीजवळ राहते. थोरली तेवढा वेळ माहेरी जाते. पहिल्या खेपेला ती तिथे जेवलीसुद्धा नाही, चौदा तास झोपली, असे तिची जाऊ मला सांगत होती.