मागें पडलेल्या वस्तूची थोरवी

एखादी वस्तु मागें पडली म्हणजे तिचें मोलहि संपलें, असें आपण सहज गृहीत धरितों. परंतु मागें पडणें आणि हिणकस ठरणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. हा भेद मला स्पष्ट दिसतो तो एका स्प्रिंगच्या हवाई बंदुकींत. माउझर कारखान्यांतून आलेल्या दोघां अभियंत्यांनीं महायुद्धानंतर जर्मनींतील ओबर्नडॉर्फ येथें फाइनवेर्कबाउ ही संस्था उभारली. तिची ‘३०० एस’ ही ती बंदूक. आज ती तयार होत नाहीं. दहा मीटरांवरील कागदी लक्ष्यावर साडेचार मिलिमीटरांचा छर्रा मारणें, एवढेंच तिचें काम.

अशा बंदुकीस बळ मिळतें तें नेमबाजाच्याच हातांतून. त्यानें बाजूचा दांडा ओढला कीं स्प्रिंग दाबली जाते. चाप ओढतांच ती सुटून दट्ट्यास पुढें लोटते, आणि त्याच्यापुढें आवळली गेलेली हवा छर्ऱ्यास नळींतून हांकून देते. अडचण येथेंच आहे. छर्रा नळीबाहेर पडण्यापूर्वींच जड दट्ट्याची धांव सुरू होते आणि बंदूक हिसकते. नेम कितीहि अचूक धरिला तरी तो ऐन क्षणीं ढळावयाचा. ‘३०० एस’च्या रचनाकारांनीं या धक्क्याशीं झुंज घेतली नाहीं. नळी व यंत्रभाग दस्त्यांतील रुळांवर बसवून, चाप ओढल्याबरोबर ते मोकळे होऊन किंचित् मागें सरकतील अशी त्यांनीं योजना केली. धक्का राहिला, पण त्यास वाट मिळाली, आणि नेमबाजाच्या खांद्यास तो जाणवेनासा झाला.

पुढें आधींच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या बंदुका आल्या. त्यांत जड दट्ट्याच नाहीं, म्हणून धक्काहि नांवाला. १९८४ सालीं लॉस एंजेलिस येथें हवाई रायफल ऑलिंपिकमध्यें आली; आज त्या स्पर्धेंत दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटराचा असतो, आणि मैदान नव्या बंदुकांचेंच आहे. तें योग्यच होय. जुन्याच्या प्रेमाखातर स्पर्धेंत उणें साधन हातीं धरणें हा भाबडेपणा होईल. मग या बंदुकीचें कौतुक म्हणजे निव्वळ गतकाळाचा मोह काय?

मला तसें वाटत नाहीं. आज सर्वांत पुढें कोण, एवढेंच स्पर्धा विचारते. रसिकाचा प्रश्न निराळा असतो: समोर आलेल्या अडचणीस हिनें किती पुरें उत्तर दिलें? नव्या बंदुकीनें अडचण टाळिली; जुनीनें ती अंगावर घेऊन सोडविली. पहिल्या प्रश्नाचें उत्तर दर पिढीस बदलतें. दुसऱ्याचें एकदां मिळालें कीं बदलण्याचें कारण उरत नाहीं.

आणि ज्या कसोटीनें आपण वस्तु पारखितों, तीच नकळत माणसांसहि लावितों. ज्या कारकुनाचें वळणदार अक्षर टंकयंत्रानें निरुपयोगी केलें, त्यास ‘आतां काय उपयोग?’ या एका वाक्यानें आपण निकालांत काढितों. उपयोग सरला हें खरें असेल. परंतु त्यानें नीट केलेलें काम त्यामुळें वाईट ठरत नाहीं. वापरावयास नवें खुशाल घ्यावें. मात्र जुन्यास निरोप देतांना त्याच्या गुणांची मोजदाद पुरती करावी.