नापास होण्याची ऐपत

दहावीचा निकाल लागला की मुलाला काय आवडते, हे विचारण्याची रीत आता मावळातल्या गावांतही रुळली आहे. राज्य मंडळाने २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची कलचाचणी घेतली, तीही याच विचारातून. पण कल कळला म्हणजे वाट ठरली असे होत नाही. सारखेच गुण मिळवलेल्या दोन मुलांपैकी एक विज्ञान शाखेला जातो आणि दुसरा आयटीआयचा अर्ज भरतो, याचा उलगडा बुद्धीने होत नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ रेमाँ बूदाँ यांनी १९७३ मध्ये हा मुद्दा मांडला होता. घरच्या परिस्थितीचा परिणाम गुणांवर होतोच. पण गुण सारखे असले तरी निवडी वेगळ्या होतात, कारण त्याच निवडीचा खर्च आणि धोका प्रत्येक घराला वेगळा पडतो. मावळाकडे पाहिले की वाटते, मूल पुढे काय होणार हे बरेचसे घराला त्याचे किती अपयश परवडेल यावर ठरते.

पवन मावळातल्या मुलीला पुण्यात शिकायचे तर आधी एसटीने किंवा जीपने कामशेत गाठायचे, तिथून लोकल, शिवाजीनगरला उतरून पुन्हा बस. संध्याकाळची शेवटची गाडी चुकली तर काय, याचा खल प्रवेशाआधीच घरात होतो. प्रवेश परीक्षेत एक वर्ष गेले, तर लोणावळ्यातल्या डॉक्टरच्या घरी त्याला ‘गॅप’ म्हणतात आणि मुलगी पुन्हा परीक्षेला बसते. शेतमजुराच्या घरी त्याच वर्षी तिच्यासाठी स्थळे पाहायला सुरुवात होते. मग जवळचे कॉलेज, पोलीस भरती किंवा कंपनीतले काम हीच आवड म्हणून सांगितली जाते. त्यात लबाडी नसते. जे झेपणार नाही त्याची इच्छा धरायची नाही, हे मूल लहानपणीच शिकलेले असते.

यावर कोणी म्हणेल, मग हा निव्वळ पैशाचा प्रश्न झाला. मावळाचा अनुभव तसे सांगत नाही. द्रुतगती मार्ग, एमआयडीसी आणि सेकंड होमचे बंगले यांमुळे जमिनीचे भाव चढले आणि काही शेतकरी घरांत मोठी रक्कम आली. ती बहुधा जेसीबी, हॉटेल, प्लॉटिंग यांतच गुंतली. अनोळखी धंद्यातला धोका जोखायला त्या वाटेने गेलेले आपले माणूस लागते, आणि तेच नव्हते. अशा माणसाचे मोल डबेवाल्यांना ठाऊक आहे. १८९० पासूनचा मुंबईतला हा व्यवसाय प्रामुख्याने मावळ, मुळशी, खेड, जुन्नर या पट्ट्यातल्या लोकांनी उभा केला. गावचा माणूस नवख्याला सोबत नेतो, राहायची सोय लावतो, त्याच्यासाठी शब्द टाकतो. गोतावळा बेडी नसून आधार असतो, असे कोणी म्हणेल तर ते खरेच आहे. मात्र या आधाराला हद्द असते. प्रयोगशाळेत किंवा वकिलीत शब्द टाकणारे कोणी नसेल, तर तिथे गोतावळ्याचा उपयोग होत नाही.

दुसरा आक्षेप मोबाइलचा. सगळी माहिती हातात असताना घर आडवे येते कसे? माहितीमुळे वाट दिसते, पण फसलेले वर्ष भरून निघत नाही. झोपडीतून अधिकारी झालेल्यांची उदाहरणेही या मुद्द्याच्या आड येत नाहीत. ती मोजकी असतात म्हणून तर त्यांचे सत्कार होतात. शिवाय घर ज्याला भरवशाचे मानते ते भरवशाचे असेलच असे नाही. २००८ मध्ये सुरू झालेल्या तळेगावच्या जनरल मोटर्स कारखान्यातले उत्पादन २०२० अखेर थांबले. धोका टाळायला धरलेल्या नोकरीतच धोका निघाला, आणि तो सोसायला पुन्हा तेच घर उरले.

म्हणून केवळ मार्गदर्शन शिबिरे पुरणार नाहीत. नापास झालेल्या वर्षीही चालू राहणारी शिष्यवृत्ती, पुण्यात मुलींसाठी पुरेशी वसतिगृहे आणि वेगवेगळ्या व्यवसायांत गेलेल्या माजी विद्यार्थ्यांशी शाळेने राखलेला संबंध, एवढे मिळाले तर गरीब घरालाही मुलाचे एक अपयश सोसता येईल. त्यानंतर विचारलेल्या आवडीला खरा अर्थ येईल.