गटांचा संघ आणि निविदेचा आकार

अंगणवाडीतला आहार, शाळेतली खिचडी, गल्लीतला कचरा, वस्तीतल्या शौचालयाची देखभाल ही सगळी कामे त्या त्या गावातली, वस्तीतली माणसे करू शकतात. शासनाची अनेक धोरणेही तसेच म्हणतात. प्रत्यक्षात ही कामे निविदेतून दिली जातात आणि दहा-बारा बायकांचा बचत गट एकट्याने निविदा भरू शकत नाही. म्हणून अनेक गट, मंडळे किंवा छोट्या संस्था एकत्र येऊन संघ करतात आणि एका नावाने निविदा भरतात. सहकाराची सवय असलेल्या महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. असे संघ कधी टिकतात, कधी फसतात आणि कधी दुसऱ्याच कोणाच्या हातातले बाहुले होतात, हे घरपोच आहाराच्या, म्हणजे अंगणवाडीतून घरी द्यायच्या पाकीटबंद आहाराच्या, उदाहरणात सर्वांत स्पष्ट दिसते.

गट एकटा का पुरत नाही, हे साध्या हिशोबाने कळते. अंगणवाड्या चालवणाऱ्या एकात्मिक बालविकास योजनेत सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या बालकाच्या आहारासाठी २०१७ मध्ये केंद्राने दिवसाला ८ रुपये दर ठरवला. गरोदर व स्तनदा मातेसाठी तो ९ रुपये ५० पैसे आणि तीव्र कुपोषित बालकासाठी १२ रुपये ठरला. समजा, शंभर अंगणवाड्यांतल्या चार हजार बालकांना आहार द्यायचा आहे. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर महिन्याला आठ लाख रुपयांचा माल होतो. देयक तीन महिने अडकले, तर गहू, डाळ, साखर, इंधन, मजुरी आणि वाहतूक यांत चोवीस लाख रुपये गुंतून पडतात. महिन्याला शंभर रुपये भरणाऱ्या बारा सभासदांच्या गटात वर्षभरात जमतात चौदा हजार चारशे रुपये. या दोन आकड्यांमधले अंतर मेहनतीने भरून निघत नाही, त्याला खेळते भांडवल लागते.

भांडवलाची गरज काम मिळाल्यानंतर लागते. त्याआधी निविदेच्या अटी असतात. केंद्राच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत बयाणा रक्कम साधारणपणे अंदाजित किमतीच्या २ ते ५ टक्के धरली आहे. तिच्या जोडीला मागील तीन वर्षांची उलाढाल, लेखापरीक्षित ताळेबंद, तशाच कामाचा अनुभवाचा दाखला, वस्तू व सेवा कराची नोंदणी, अन्न परवाना, डिजिटल स्वाक्षरी ही कागदपत्रे लागतात. ऑनलाइन निविदेत तांत्रिक लिफाफा आधी उघडतो. त्यात एक दाखला कमी पडला की आर्थिक लिफाफा उघडतच नाही, मग दर कितीही रास्त असो. गटाला स्वयंपाक उत्तम येतो, पण हे कागद कसे जुळवायचे हे येत नाही. संघाचा पहिला उपयोग इथे होतो. एक हिशोबनीस, एक सनदी लेखापाल आणि एक संगणक चाळीस गटांना पुरतो.

महाराष्ट्रात याआधीचा एक मार्ग मजूर सहकारी संस्थांचा आहे. सार्वजनिक बांधकामांची लहान कामे ३३ टक्के मजूर संस्थांना, ३३ टक्के सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना आणि ३४ टक्के खुल्या स्पर्धेतून अशी वाटण्याची पद्धत राज्याने घातली, आणि वाटप समितीमार्फत होऊ लागले. दुर्बळांना मोठ्या मक्तेदारांशी थेट टक्कर द्यावी लागू नये, हा त्यामागचा विचार योग्यच होता. पण ज्यांनी कधी फावडे हातात धरले नाही, असे लोक मजूर म्हणून संस्थांच्या सभासद यादीत आले आणि काम परस्पर पोटठेकेदाराकडे गेले, अशा तक्रारी वर्षानुवर्षे होत राहिल्या. आरक्षण दिले, पण त्या नावाआड काम खरोखर कोण करतो, हे कोणी पाहिले नाही. पुढे महिलांच्या नावाने तेच घडले.

बचत गटांची चळवळ मुळात ठेक्यांसाठी उभी राहिली नव्हती. नाबार्डने १९९२ मध्ये गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. महाराष्ट्रात १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाने, म्हणजे माविमने, गटांवर लोकसंचालित साधन केंद्रे उभी केली. पुढे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानात, म्हणजे ‘उमेद’मध्ये, गट, ग्रामसंघ आणि प्रभागसंघ अशी रचना झाली. या साऱ्यांचा पाया बचत, अंतर्गत कर्ज आणि वसुली हा आहे. त्या कामात संघाचे पदाधिकारी तरबेज झाले. मात्र कर्जवसुली करणारा संघ आणि रोज ठरलेल्या वेळी ठरलेल्या दर्जाचा माल पोचवणारा संघ यांत मोठा फरक आहे. पहिल्यात एका गटाचा हप्ता चुकला तर तो पुढच्या महिन्यात भरता येतो. दुसऱ्यात एका गटाने खराब पीठ दिले तर मूल आजारी पडते आणि ठेका सगळ्यांचा जातो.

सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्काच्या खटल्यात ७ ऑक्टोबर २००४ रोजी स्पष्ट आदेश दिला की अंगणवाड्यांच्या आहारासाठी ठेकेदार नेमू नयेत आणि धान्यखरेदी व आहार शिजवण्यासाठी शक्यतो ग्रामसमुदाय, बचत गट आणि महिला मंडळांना पुढे करावे. हेतू दुहेरी होता. पैसा गावातच फिरावा, आणि ज्यांची मुले तो आहार खातात त्यांची त्यावर नजर राहावी. फेब्रुवारी २००९ मध्ये केंद्राने पोषणमूल्यांचे नवे निकष काढले. बालकाला ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने मिळावीत, आणि घरपोच आहारात सूक्ष्म पोषकद्रव्ये मिसळलेली असावीत, असे ठरले. निकष मुलांच्या भल्याचे होते. पण त्यांचा आधार घेऊन निविदांत स्वयंचलित यंत्रे, मानवी स्पर्शाविना उत्पादन आणि मोठी उलाढाल अशा अटी आल्या. मुलाला किती उष्मांक मिळावेत याचा निकष आणि कारखाना किती मोठा असावा याची अट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकत्र बांधल्या गेल्या आणि त्याची किंमत छोट्या गटांनी मोजली.

महिला संस्थांना प्राधान्य आणि कारखान्याची अट एकाच कागदावर आली की काय होते, याचा पुरावाही आहे. न्यायालयाने नेमलेल्या आयुक्तांच्या कार्यालयाने २०१२ मध्ये महाराष्ट्रातल्या घरपोच आहाराची चौकशी केली. मोठे ठेके महिला संस्थांच्या नावे होते, पण उत्पादनाच्या जागा, यंत्रे आणि पैशाचे व्यवहार खासगी कंपन्यांशी जोडलेले होते, असे त्या अहवालात नोंदले गेले. त्यानंतर मार्च २०१६ मध्ये राज्याने नवी निविदा काढली. राज्यातल्या ५५३ बालविकास प्रकल्पांचा पुरवठा लहान लहान भागांत न देता मोठ्या विभागांत एकवटला आणि उलाढालीच्या व यंत्रांच्या अटी कडक ठेवल्या. काही बचत गट न्यायालयात गेले. २६ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुमारे ६,३०० कोटी रुपयांचे हे ठेके रद्द ठरवले. या अटींमुळे बचत गट बाहेर पडतात आणि मोठ्या उत्पादकांचा फायदा होतो, हे न्यायालयाने मान्य केले. हा निकाल वैष्णोराणी महिला बचत गटाच्या नावाने ओळखला जातो. राज्याच्या यंत्रणेपुढे उभे राहून एका बचत गटाने खटला लढवला, ही महाराष्ट्राने अभिमानाने लक्षात ठेवावी अशी गोष्ट आहे.

याच काळात केरळने वेगळी वाट धरली. १९९८ मध्ये सुरू झालेल्या कुटुंबश्री या तिथल्या राज्याच्या महिला गटांच्या अभियानातल्या महिलांनी ‘अमृतम न्यूट्रिमिक्स’ नावाचे पीठ बनवायला घेतले. गहू, सोयाबीन, हरभरा डाळ, शेंगदाणे आणि साखर हे त्यातले घटक. त्याची पाककृती कासरगोडच्या केंद्रीय रोपवन पीक संशोधन संस्थेच्या मदतीने बसवली गेली. एका युनिटमध्ये साधारणपणे मूठभर महिला काम करतात. धान्य निवडतात, धुतात, वाळवतात, भाजतात, दळतात, मिसळून पाकिटे भरतात आणि ती जवळच्या अंगणवाड्यांत पोचवतात. युनिटे शेकड्यांत आहेत, तरी एकाही युनिटला जिल्ह्याएवढे मोठे व्हावे लागले नाही. भाव ठरवणे, कच्चा माल एकत्र उचलणे, नमुने तपासून घेणे, खात्याशी बोलणे आणि देयकाचा पाठपुरावा करणे यासाठी जिल्हा पातळीवर युनिटांचे संघ झाले. उत्पादन विखुरलेले आणि व्यवहार एकत्र, हे त्या रचनेचे मर्म. या युनिटांना जिल्हाभराच्या मालाची निविदा जिंकावी लागली नाही. राज्याने काम आधीच त्यांच्या आकाराचे करून ठेवले होते.

इटलीत हाच विचार कायद्यात उतरला आहे. अपंग, वृद्ध आणि व्यसनमुक्त झालेल्या लोकांसाठी काम करणाऱ्या तिथल्या सामाजिक सहकारी संस्था १९८० च्या दशकात स्थानिक संघ करू लागल्या. ब्रेशा शहरात १९८३ मध्ये असा संघ झाला. १९९१ च्या ३८१ क्रमांकाच्या कायद्याने त्यांना मान्यता दिली आणि संघातले किमान ७० टक्के सभासद सामाजिक सहकारी संस्थाच असतील अशी अट घातली. म्हणजे बाहेरची भांडवलदार कंपनी संघात शिरली तरी तो ताब्यात घेऊ शकत नाही. काम वाढले की जुनी संस्था फुगवायची नाही, शेजारी नवी उभी करायची, अशी तिथली रीत आहे. स्ट्रॉबेरीचे रोप जसे धावत्या फांदीने पुढे नवे रोप लावते, तशी, असे ते लोक सांगतात. महाराष्ट्रातल्या संघांच्या उपविधींत अशी एक टक्केवारी असती, तर २०१२ च्या अहवालात लिहावी लागलेली अनेक पाने कदाचित लिहावीच लागली नसती.

एकत्र निविदा भरण्याचे कायदेशीर मार्ग मोजकेच आहेत. एक गट प्रमुख होऊन बाकीच्यांना पोटकाम देतो, किंवा संयुक्त उपक्रमाचा करार करून सगळे मिळून निविदा भरतात, किंवा संघाचीच सहकारी संस्था, उत्पादक कंपनी किंवा कंपनी कायद्याच्या कलम आठखालची ना-नफा कंपनी नोंदवतात. पहिला मार्ग लवकर उभा राहतो, पण प्रमुख गट हळूहळू ठेकेदारासारखा वागू लागतो. दुसऱ्यात बहुतेक खाती प्रत्येक भागीदाराला संपूर्ण कामासाठी जबाबदार धरतात. एका भागीदाराने पळ काढला तर दंड उरलेल्यांच्या माथी येतो आणि गरीब गटाला तो परवडत नाही. तिसऱ्याला वेळ आणि खर्च लागतो, पण दायित्व संस्थेपुरते राहते आणि अनुभवाचा दाखला संस्थेच्या नावावर साठत जातो. टिकाऊ तोच. स्पर्धा कायदा, २००२ च्या तिसऱ्या कलमात निविदांतल्या संगनमताला बंदी आहे, म्हणून काही संस्था एकत्र येण्यालाच घाबरतात. ही भीती अनाठायी आहे. उघडपणे एक करार करून एकच निविदा भरणे आणि वेगवेगळ्या निविदा भरून आतून दर ठरवणे यांत दिवस-रात्रीचा फरक आहे.

संघ मोडतो तो बहुधा निविदा हरल्यामुळे नाही, जिंकल्यानंतर. दहा गटांना समान काम द्यायचे की ज्याची भट्टी मोठी त्याला जास्त? डोंगरातल्या पाड्यावर माल नेणाऱ्या गटाचा वाहतूक खर्च कोण सोसणार? नमुना नापास झाला आणि देयक कापले गेले, तर तोटा त्या गटाचा की सगळ्यांचा? संघ कार्यालयासाठी किती टक्के कापायचे? या प्रश्नांची उत्तरे कामाची ऑर्डर हातात पडण्याआधी लिहून, वाचून दाखवून, ठरावात नोंदवावी लागतात. ऑर्डर आल्यावर हेच प्रश्न भांडण होतात. नमुन्याचा प्रश्न सर्वांत नाजूक. प्रत्येक पाकिटावर गटाचे नाव आणि उत्पादनाची तारीख छापली, आणि प्रत्येक घाण्यातला थोडा नमुना संघाकडे ठेवला, तर दोष कोणाचा हे तासाभरात कळते आणि बाकीच्या नऊ गटांवर संशय येत नाही. ही काळजी ठेवायला यंत्र लागत नाही, शिस्त लागते.

कचरावेचकांच्या संघटनांनी याहून वेगळा धडा दिला आहे. मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेने कचरावेचक महिलांचे बचत गट बांधले, त्यांचा परिसर भगिनी विकास संघ झाला, आणि या महिला कंपोस्ट खड्डे व बायोगॅस संयंत्रे चालवू लागल्या. पुण्यात १९९३ च्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये महापालिकेने तिच्याशी दारोदार कचरा संकलनाचा करार केला. दोन्हीकडे आधी वर्षानुवर्षे संघटना होती, ओळखपत्रांसाठी, मान्यतेसाठी झगडा होता, आणि मग कंत्राट आले. निविदेची जाहिरात वाचून पंधरा दिवसांत जुळवलेल्या संघाला ही ताकद येत नाही. निविदेची मुदत संपली की तो संघही संपतो.

संघाला यश मिळेल की नाही, हे बऱ्याच अंशी निविदा काढणाऱ्याच्या हातात असते. काम तालुक्याच्या किंवा प्रकल्पाच्या आकाराचे ठेवणे, उलाढालीची अट संघातल्या सगळ्या गटांच्या बेरजेवर मोजणे, बयाण्यातून सूट देणे, आगाऊ रक्कम देणे आणि देयकाला ठरावीक मुदत घालणे यांतले काहीच अवघड नाही. त्याबरोबर एक कडक अटही हवी. भट्टी, चक्की आणि गोदाम कोणाचे, बँक खात्यावर सही कोणाची आणि नफ्याचा हिस्सा कोणाकडे जातो, हे दरवर्षी जागेवर जाऊन तपासले पाहिजे. ज्या संघाची यंत्रे आणि खाते दुसऱ्याच्या ताब्यात आहे, त्याच्या नावात कितीही वेळा ‘महिला’ शब्द असला तरी त्याला ठेका मिळता कामा नये.