वंगण आणि मौन

जुन्या शिडाच्या नौकेचे सुकाणू कुरकुरू लागले की मालकापुढे दोन मार्ग असतात. दांड्याच्या नळीवर ग्रीससाठी निप्पल असेल, तर तिला ग्रीसगन लावावी आणि जुने काळपट वंगण नळीच्या टोकाशी बाहेर येईपर्यंत नवे भरावे. आवाज थांबतो. दुसरा मार्ग कष्टाचा. नौका क्रेनने पाण्याबाहेर काढावी, सुकाणू खाली उतरवावे (त्यासाठी कधीकधी जमिनीत खड्डाही खणावा लागतो) आणि दांडा पुसून डोळ्यांनी पाहावा. वंगण ही सेवा की लपवणूक, हा प्रश्न आम्हांला येथे पडतो.

वंगणाचा स्वतःचा काही दोष नाही. ते झीज कमी करते, खारे पाणी दूर ठेवते. परंतु कुरकुर म्हणजे नेहमी वंगणाची भूक नव्हे. नायलॉनचे बुश पाणी शोषून फुगते व दांडा आवळते. तेथे ग्रीस काय करणार? स्टेनलेस स्टीलची गोष्ट तर अधिक विचार करायला लावणारी आहे. त्याला गंजापासून वाचवतो तो क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर, आणि तो थर टिकण्यास प्राणवायू लागतो. पॅकिंगखाली किंवा सुकाणूच्या पात्याच्या पोटात खारे पाणी साचून राहिले, तर तेथे प्राणवायू पोहोचत नाही. धातूला खड्डे पडू लागतात. वर टिलरपाशी मात्र तोच दांडा आरशासारखा चकाकत असतो.

याकोबाच्या पत्रात लहानशा सुकाणूने मोठे तारू वळते असा दृष्टांत आहे. त्या काळी सुकाणू म्हणजे तारवाच्या कुशीला बांधलेले उघडे वल्हे. त्याची अवस्था साऱ्यांना दिसत असे. दांडा नौकेच्या पोटात गेला आणि त्याबरोबर विश्वासाचा प्रश्नही आत गेला.

समजा, नौका विकायची आहे आणि मालकाने आदल्या दिवशी भरपूर ग्रीस भरले. तो एकही असत्य शब्द बोलत नाही. दांड्याची अवस्था त्याला खरोखरच ठाऊक नाही. मग तो निर्दोष ठरतो का? संत थॉमस अक्विनास यांनी हेतुपुरस्सर पत्करलेल्या अज्ञानाला सबब मानलेले नाही, आणि आम्हांलाही तेच योग्य वाटते. नौका जमिनीवर असताना पात्याचे टोक धरून हलवले, तरी सांध्यातला ढिलेपणा हाताला कळतो. एवढेही जो करीत नाही, त्याचे न कळणे हा योगायोग नव्हे. दांडा तुटेल तेव्हा टिलर दुसऱ्याच कोणाच्या हाती असेल, किनाऱ्यापासून दूर.

क्रेनचे भाडे परवडत नाही, अशी अडचण खरी असू शकते. गरिबीला आम्ही दोष देणार नाही. पण नौकेच्या वहीत दोन ओळी लिहिण्यास पैसे लागत नाहीत : दांडा अमुक वर्षी पाहिला, त्यानंतर केवळ ग्रीस. घेणारा ते वाचून किंमत पाडून मागेल. मागू द्यावी.