तळ्यातला आरोपी

ऑगस्ट १९९५. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, हेंडरसन गावाजवळच्या एका शेतातल्या तळ्यावर शाळेची मुलं गेली होती. त्यांनी बेडूक पकडले, तर त्यातले निम्मे धड नव्हते. कुणाला मागचा एक पायच नाही, कुणाचा पाय वाकडा, खुरटलेला. बातमी देशभर गेली. मग इतर राज्यांतूनही असे बेडूक सापडू लागले. काहींना तर मागे चार-चार, सहा-सहा पाय.

हे कुणी केलं, असा प्रश्न लगोलग उभा राहिला आणि उत्तरंही तयारच होती. आजूबाजूला शेती, म्हणजे कीटकनाशकं. ओझोनचा थर विरळ झालेला, म्हणजे अतिनील किरण. आज बेडकाचं झालं, उद्या आपल्या लेकराबाळांचं होईल, या धास्तीने लोक विहिरीच्या पाण्याकडेही संशयाने पाहू लागले. त्या भीतीला हसू नये. पाणी तेच होतं.

कॅलिफोर्नियात मात्र एक धागा आधीच कुणाच्या तरी हाती लागला होता. स्टॅन्ली सेशन्स या जीवशास्त्रज्ञाला अशाच बेडकांच्या अंगात कृमींच्या बारीक गाठी दिसल्या होत्या. या गाठी वाढत्या पायाच्या मध्ये आल्या तर काय होईल, हे पाहण्यासाठी त्यांनी पिल्लांच्या पायाच्या कोंबात चक्क राळेचे मणी बसवले. काहींना जादा पाय फुटले. हे १९९० साली छापूनही आलं होतं, पण तेव्हा बेडकांच्या पायांची चिंता करायला फारसं कुणी मोकळं नव्हतं.

पुढचं काम पीटर जॉन्सन यांनी केलं. तेव्हा ते स्टॅनफर्ड विद्यापीठात पदवीचे विद्यार्थी होते. सांता क्लारा परगण्यातली ३५ तळी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पालथी घातली. विकृत बेडूक चारच तळ्यांत होते. पाण्यात कीटकनाशक शोधलं, सापडलं नाही. सापडली ती एका विशिष्ट जातीची गोगलगाय; ती आणि बेडूक एकत्र होते ते नेमके त्याच चार तळ्यांत. त्या गोगलगायीच्या पोटात एक चपटा कृमी वाढत होता : रिबेरोइया.

मग प्रयोगशाळेतला प्रयोग. निरोगी भागातून आणलेल्या अंड्यांतून पिल्लं वाढवली, प्रत्येक पिल्लू वेगळ्या भांड्यात. काहींच्या पाण्यात काहीच सोडलं नाही. बाकीच्यांत या कृमीचे १६, ३२ किंवा ४८ डिंभ, म्हणजे अळ्या. ज्यांना काही दिलं नव्हतं ते धडधाकट बेडूक झाले. ४८ डिंभ मिळालेल्यांतले पुष्कळ मेले, आणि जे जगले त्यातल्या एकाचेही पाय धड नव्हते. दुसऱ्याच जातीच्या कृमीचे डिंभ सोडून पाहिले, तर काही बिघडलं नाही. १९९९ साली ‘सायन्स’मध्ये निबंध आला आणि आरोपी सापडला, असं सगळ्यांनी मानलं.

या आरोपीची दिनचर्या पाहण्यासारखी आहे. गोगलगायीतून बाहेर पडलेला शेपटीवाला डिंभ पोहत बेडकाच्या पिल्लाला गाठतो आणि मागचा पाय जिथे फुटणार असतो तिथेच कातडीत शिरतो. शेपूट टाकून देतो, भोवती कवच बांधून बसतो. कोंबातल्या पेशींची मांडामांड विस्कटते आणि पाय एकाऐवजी तीन फुटतात किंवा फुटतच नाहीत. अशा बेडकाला नीट उडी मारता येत नाही. बगळा त्याला सहज उचलतो. कृमीला जायचं असतं ते बगळ्याच्याच पोटात. तिथे तो वयात येतो, अंडी घालतो, विष्ठेतून ती पुन्हा पाण्यात, पुन्हा गोगलगायीत. योजना म्हणावी इतकं हे चोख आहे, पण योजणारा कुणी नाही.

इथे थांबलं तर गोष्ट सोपी राहते, आणि आपल्याला तेच आवडतं. गुन्हेगार मिळाला की फाइल बंद. पण हा कृमी त्या पाण्यात काल-परवा आलेला नाही. मग वाढलं काय? जॉन्सन तिथून पुढे तोच प्रश्न धरून बसले, आणि मला त्यांचं मोल त्या पहिल्या निबंधापेक्षा या चिकाटीत जास्त वाटतं. २००७ साली त्यांच्या गटाने दाखवलं की खतातलं नत्र आणि स्फुरद तळ्यात उतरलं की शेवाळ माजतं, शेवाळावर गोगलगायी पोसल्या जातात आणि प्रत्येक गोगलगायीतून सुटणाऱ्या डिंभांची संख्याही चढते. त्याआधी, २००२ मध्ये, जोसेफ कीसेकर यांनी कीटकनाशक लागलेल्या पिल्लांमध्ये असल्या कृमींची लागण वाढते असं दाखवून दिलं होतं. म्हणजे पहिल्या दिवशी ज्यांच्यावर संशय गेला ते अगदीच निर्दोष नव्हते, मागच्या दाराने आत आले होते. शिवाय नुसता पाय नसलेल्या काही बेडकांच्या बाबतीत कृमीचा हात नव्हताच. चतुराच्या पाण्यातल्या पिल्लांनी ते पाय कुरतडले होते.

माशांकडे पाहिलं तर हिशेब उलटा दिसतो. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या चेल्सी वुड यांनी संग्रहालयात बरण्यांमध्ये ठेवलेले, प्युजेट साउंड या खाडीतले १८८० ते २०१९ या काळातले जवळपास ७०० मासे चिरून आतले परजीवी मोजले. ज्या परजीवींना आयुष्य पुरं करायला तीन किंवा जास्त यजमान लागतात, ते दर दहा वर्षांना सुमारे ११ टक्क्यांनी घटत आले होते; समुद्राचं पाणी तापत गेलं तसे ते कमी होत गेले. माशाच्या पोटातला कृमी कमी झाला तर बरंच झालं की, असं वाटतं खरं. पण ज्याला तीन घरं फिरून जगायचं आहे तो घटला, तर त्या तिघांच्या एकमेकांशी असलेल्या नात्यात कुठेतरी बिघाड झालाय का, हेही विचारावं लागतं.

तळ्यातला कृमी वाढला, खाडीतले घटले. दोन्हीकडे कृमीने आपला स्वभाव बदललेला नाही, बदललं ते भोवतालचं.

पुन्हा तळ्याकडे येऊ. २०१३ साली ‘नेचर’मध्ये जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या ३४५ तळ्यांचा अभ्यास मांडला. ज्या तळ्यात बेडूक-सॅलमँडरच्या जाती कमी उरतात, तिथे टिकून राहतो तो पॅसिफिक कोरस बेडूक, आणि कृमीला सर्वांत लवकर बळी पडणाराही तोच. जिथे अनेक जाती नांदतात, तिथे डिंभ पुष्कळदा अशा अंगात शिरतात जिथे त्यांचं काही चालत नाही. अशा भरल्या तळ्यांत रोगाचा प्रसार सुमारे ७८ टक्क्यांनी कमी आढळला.